उंदरांच्या फुप्फुसांतली चाळीस टक्के सुधारणा

३ मार्च, सकाळी ९.४०
संकल्प. टेक्निशियनबाईंशी आजपासून एक शब्दही बोलायचा नाही. काल प्रयोगशाळेत सगळ्यांदेखत म्हणाल्या, पिपेट असं धरतात का. बावीस वर्षं उंदीर सांभाळले म्हणून आता मला शिकवणार. काही सांगायचं असेल तर लेखी द्या, असं सुनावलं.
काँट्रॅक्ट ३१ तारखेला संपतंय. २० तारखेला विभागप्रमुखांपुढे रिझल्ट दाखवला की वाढवून मिळेल. दाखवणारच.

४ मार्च
माझी कल्पना सोपी आणि थोर आहे. फुप्फुसाला इजा झाली की तिथल्या पेशी बोंब ठोकतात, म्हणजे एक रेणू सोडतात. बोंब ऐकून रक्तातल्या संरक्षक पेशींचा जमाव येतो आणि मदतीच्या नावाखाली घरच पाडतो. फुप्फुस सुजतं, पाणी भरतं, श्वास अडतो. मी त्या रेणूचंच तोंड दाबणार. त्याला चिकटून त्याला गप्प करणारी अँटिबॉडी मागवली.
बायकोने विचारलं, आणि खरंच मदत लागत असली तर? घरी विज्ञान बोलायचं नाही हे ठरलं.

७ मार्च
कुपी आली. बाईंनी लेबल वाचलं, माझ्याकडे पाहिलं, तोंड उघडलं. मी हात वर केला. दुपारी टेबलावर चिठ्ठी. न वाचता ड्रॉवरमध्ये. लेखी द्या म्हटलं होतं, वाचीन असं म्हटलं नव्हतं.

१० मार्च
वीस उंदीर. दहांना अँटिबॉडी, दहांना नुसतं सलाइन. मग फुप्फुसं सुजावीत म्हणून सगळ्यांच्या नाकात जंतूंचा अर्क. औषधवाले लगेच तरतरीत. त्यांतला एक मला चावला, तोही जोमाने. सलाइनवालाही एक चावला, पण तो त्रासून.
दुसरी चिठ्ठी. बाईंना माझं यश खुपतंय.

१४ मार्च, दुपारी ३
उंदरांच्या फुप्फुसांचे पातळ काप काचेवर लावले, स्लाइड तयार. सूज डोळ्यांनी पाहून शून्य ते चार गुण द्यायचे. बाईंनी विद्यार्थिनीकडून निरोप धाडला, नंबरांवर चिकटपट्टी लावून मोजा, म्हणजे कुठली स्लाइड कोणाची ते कळणार नाही. म्हणजे मी चोर! पट्टी लावली नाही.
औषधवाली पहिली स्लाइड तीनची वाटली. चष्मा पुसून पाहिली, दोनची निघाली. मग प्रत्येक औषधवाल्या स्लाइडला चष्मा पुसला. सूज चाळीस टक्के कमी.

२० मार्च, संध्याकाळी ६
भाषण उत्तम झालं. टाळ्या पडल्या. बाईंकडे मुद्दाम पाहिलं.
मग मागच्या रांगेतल्या एका पाहुण्यांनी विचारलं, ही अँटिबॉडी कोणत्या प्राण्याच्या रेणूला चिकटते? अर्थात उंदराच्या, म्हणालो. प्रमुखांनी कुपी मागवली. लेबलवर स्वच्छ लिहिलेलं, फक्त मानवी रेणूसाठी. उंदराचा रेणू वेगळा, त्याला ही शिवतही नाही. म्हणजे सगळ्या विसांनाच सलाइन दिल्यासारखं.
प्रमुखांनी शांतपणे विचारलं, मग चाळीस टक्के कुठून आले? मी चष्मा पुसला.

२३ मार्च
प्रमुखांनी नंबर झाकून बाईंकडून स्लाइड मोजून घेतल्या. दोन्ही गट सारखेच सुजलेले.
ड्रॉवर उघडला. चिठ्ठ्या वाचल्या. दोन्हींत तेच, औषध माणसाचं आहे, परत पाठवा, अजून वेळ आहे. लाज वाटली. बाईंचा रागही आला, जास्तच.

३१ मार्च, सकाळी ११
प्रमुखांनी दोघांना बोलावलं. मला म्हणाले, आकडे मुद्दाम फुगवले असं कबूल करा, ताकीद देऊन ठेवून घेतो. मी म्हणालो, मी खोटं बोललो नाही. मला माझ्या या डोळ्यांनी सूज कमी दिसली.
बाईंनी चक्क माझी बाजू घेतली. म्हणाल्या, साहेब, हे खरं बोलताहेत, यांना खरंच तसं दिसलं.
प्रमुखांनी थोडा विचार केला आणि म्हणाले, मग तर यांना ठेवताच येणार नाही.