बिनडोळ्यांची देवी

शिवाजीनगर, बंगलोर
१९ ऑक्टोबर १९६१

ती. व्यंकोजीमामांस, उपेंद्रचा साष्टांग नमस्कार.

बेळगावच्या थंडीत तुमचा दमा बरा असेल अशी आशा करणं मूर्खपणाचं आहे, तरी करतो. मामींना नमस्कार सांगा. मी धडधाकट आहे, हीच काय ती तक्रार.

मामा, माझं चित्र दिल्लीच्या प्रदर्शनासाठी निवडलं होतं. (हो, तेच. मागे आलात तेव्हा ‘हे उलटं टांगलंयस का रे?’ म्हणालात ते.) आपल्या गावदेवीचा दगडी, शेंदरी तांदळा मनात धरून काढलेलं. आधी मुकुट गाळला, मग नाक. डोळे गाळायला तर अख्खा पावसाळा गेला. शेवटी काळ्यावर एक लाल आकार उरला. इथल्या जाणकारांना त्यात सूर्य दिसला, रक्त दिसलं, एकाला टोमॅटो दिसला. देवी कुणालाच दिसली नाही.

तेलरंग वाळेना, म्हणून चित्र ओसरीत ठेवलं आणि खोकं करून घ्यायला सुताराकडे गेलो. तिथेच घात झाला. परत येऊन बघतो तो चित्र माझ्याकडे बघतंय! आमच्या घरमालकीण कस्तुराबाईंनी (पिढ्यान्‌पिढ्या इथल्याच, बोलणं निम्मं कानडी) ओल्या रंगावर मेणानं चांदीचे डोळे चिकटवले होते. “डोळे तेवढे राहिले होते की, अण्णा. मी लावले बघा. स्वल्प शेंदूर पण लावले.” अख्ख्या बंगलोरात देवीला ओळखलं ते या एका बाईनं, आणि तिनंच माझं वाटोळं केलं. हसावं की रडावं कळेना, म्हणून रडलो.

डोळे उपटायला गेलो तर बाईंनी हात धरला. त्यांची धाकटी मुलगी प्रतिमा तापानं फणफणली होती, आणि नेमका त्याच संध्याकाळी ताप उतरला. मग काय विचारता! शुक्रवारी गल्लीतल्या बायकांनी ओटी भरली. ओटी भरलेली देवी जागची हलवत नाहीत म्हणे. ती पोर समोर उड्या मारत असते. कुठल्या तोंडानं चित्र उचलू? दिल्लीची मुदत टळली. आता माझंच चित्र बघायला मला चपला काढाव्या लागतात. फार खचलोय, मामा.

तुमचा,
उपेंद्र

ता. क. : शाळेतली ती ड्रॉइंग मास्तरची जागा, जिच्यासाठी तुम्ही शब्द टाकला होता आणि मी ‘चित्रकाराचा अपमान’ म्हणून उडवून लावली होती, ती अजून रिकामी आहे का?

ता. क. २ : आज दुपारी ओसरीत कोणी नव्हतं. इकडेतिकडे बघून मीही हात जोडले. माझं चित्र परत दे, असं म्हणणार होतो. तोंडातून नोकरीच निघाली.