गंगामाईचं तोंड भाजेल

आई, तुझं देवस्थान मी बुडवलं. ओरडू नकोस, आधी ऐक. आपल्या गावाशेजारी ते वीजघर आलं, त्याच्या नळातून कढत पाणी गोदावरीत पडायला लागलं, आणि एका थंडीत तू त्यात गुडघे बुडवून बसलीस. दुखणं थांबलं. झालं! दुसऱ्याच दिवशी तू नळाला हळदकुंकू वाहिलंस. मी म्हणतेय, "अगं, यंत्र गार करून सोडलेलं पाणी आहे ते," तर तू म्हणतेस, "यंत्राला गुण आला, मग मला का नाय येणार?" तुझ्यापुढे कोण बोलणार! पुढे त्या जागेला लोक 'कुंड' म्हणायला लागले, शेड आली, घंटा आली, सायखेड्याहून बायका रिक्षा करून यायला लागल्या. मासे पाण्यावर तोंड काढून 'आ' करायचे. "बघ, दर्शनाला आलेत," म्हणत तू चुरमुरे टाकायचीस. कसलं दर्शन गं! गरम पाण्यात हवा टिकत नाही, श्वासासाठी तडफडत होते बिचारे. तू गेल्यावर, यंदाच्या उन्हाळ्यात तर पांढरी पोटं वर करून काठाला लागले. मला बघवेना.

मग ग्रामसभेत उभी राहिले. वर्गात शिकवते तसं समजावलं, की पाणी आधी तळ्यात निवू द्या, मग नदीत सोडा. लोक जांभया देतायत. सरपंचबाई म्हणाल्या, "ताई, कुंड तर तुमच्याच आईनं दाखवलं. गार केल्यावर गुण कसा यायचा?" माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "माझी आई काय म्हणायची, ठाऊक हाय का? देवाला कढत नैवेद्य दाखवायचा नाय, तोंड भाजतं! मग गंगामाईच्या तोंडात कढत ओतलेलं चालतं व्हय?" मागून एक म्हातारी बोलली, "अगं बया, खरंच की!" ठराव झाला. बायका तुझीच घंटा काढून वीजघराच्या फाटकावर गेल्या आणि साहेब बाहेर येईपर्यंत बडवत बसल्या.

आता पाणी तळ्यात निवून येतं. मासे चुरमुऱ्याचा घास घेऊन खाली पळतात, दर्शनाला थांबत नाहीत. ते कढत नैवेद्याचं तू शिऱ्याबद्दल बोलली होतीस, तेही मी देवाआधी हात मारू नये म्हणून, हे गावात कुणाला सांगितलेलं नाही. हे पत्र गंगेत सोडणार होते, पण तिला आणखी कचरा कशाला. आणि एक सांगू? आज सकाळी मी गुपचूप त्या नळाखाली जाऊन बसले. माझेही गुडघे दुखतात गं आता. पाणी गारेगार होतं. तुझी लय आठवण आली.