जिथे राहू तिथले

३ जुलै
सकाळी केळकरांचा फोन. मंडळाचा वर्धापनदिन वीस तारखेला. "वहिनी, तुमचं ते भाषण हवंय." कुठलं ते मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. तीस वर्षांत इथे मी कामगार कायद्यावर बोलले, बायकांच्या मालमत्तेच्या हक्कावर बोलले, बँकांच्या विलीनीकरणावर घसा फोडला. कोलकात्यातल्या मराठी माणसांना लक्षात आहे ते एकच. 'जिथे राहू तिथले होऊ.' भाषा शिका, शेजाऱ्याच्या दारात उभं राहून त्याच्या भाषेत बोला, मग तुम्हाला उपरं म्हणायची कोणाची छाती नाही. पंचेचाळीस मिनिटं, कागदाशिवाय.
निखिल सेक्टर फाइव्हला ऑफिसला निघता निघता म्हणाला, "आई, ते मला पण पाठ आहे. तू आजारी पडलीस तर मी करेन."
तुझ्या मराठीत?
"माझ्या मराठीत. लोक हसतील, पण मुद्दा सिद्ध होईल."
होईल खरा.

४ जुलै
मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर व्हिडिओ. महाराष्ट्रात कुठे तरी, दुकानदाराला मराठी येत नाही म्हणून थोबाडीत. खाली अंगठेच अंगठे. मी लिहिलं, मार खाऊन कोणी भाषा शिकतो का? आपण बंगाली तसं शिकलो? उत्तर आलं, "ताई, तुम्ही बाहेर राहता, तुम्हाला तिथली परिस्थिती माहीत नाही." लिहिणारे गृहस्थ स्वतः पंचवीस वर्षं इथेच, सॉल्ट लेकला.
जिन्यात खालचे मित्रबाबू. "दीदी, तुमच्या महाराष्ट्रात हे काय चालवलंय?" जणू मी डमडमहून रोज हुकूम पाठवते. म्हटलं, आणि तुमच्या मेट्रोत हिंदी बोलणाऱ्या बाईला दटावतात ते? ते म्हणाले, ती वेगळी गोष्ट. प्रत्येकाची गोष्ट वेगळी असते.
चीड दोन्हींची. भाषणात घेते.

६ जुलै
हामिददाचा फोन. रडत होता म्हणून आवाज ओळखला नाही. बँकेच्या बडाबाजार शाखेतला आमचा दफ्तरी, युनियनचा झेंडा घेऊन लाठीसमोर उभा राहिलेला माणूस. मला बंगाली त्याने शिकवलं. मासे न खाणाऱ्या बाईला जेवणाच्या सुट्टीत इलिशचा भाव करायला लावायचा.
त्याच्या थोरल्याला, रफिकला उचललं. पुण्याबाहेर पीओपीची छतं करतो, नऊ वर्षं झाली. बायको, मुलगी तिथेच. मजुरांच्या खोल्यांवर पोलीस आले, बंगाली बोलणारे पाच जण गाडीत घातले. बांगलादेशी असल्याचा संशय. आधार, मतदार कार्ड, सगळं दाखवलं. "ही कोणीही करून देतं."
हा.दा.च्या गल्लीत बोलतात की अशांना सीमेवर नेऊन पलीकडे ढकलतात. मग परत यायला देशच उरत नाही.
"शुमोतीदी, माझं हिंदी ते ऐकून घेत नाहीत. तुम्ही बोला, तुमच्या भाषेत."

७ जुलै
पोलीस स्टेशनला लावला. आधी हिंदीत बोलले. "साहब नहीं हैं." मग मराठीत. आवाजच बदलला हवालदाराचा. "बोला की ताई. कुठल्या तुम्ही?" मूळ सांगलीची. "आमची सासुरवाडी मिरज." मग कृष्णेच्या पाण्याचं झालं, पुराचं झालं. हे तंत्र माझं जुनं. व्यवस्थापनाशी बोलायला बसण्याआधी त्यांचं गाव विचारून ठेवायचो आम्ही. शेवटी म्हणाला, "तुम्ही आपल्या, म्हणून दोन मिनिटं देतो." आणि रफिकला फोन दिला.
"मावशी, मी काहीच केलं नाही ओ." मराठीत. स्वच्छ, तिकडचं. आमच्या निखिलचं... जाऊ दे.
म्हटलं, रफिक, नीट ऐक. मोठे साहेब आले की मराठीतच बोलायचं. बंगालीचा एक शब्द तोंडातून काढायचा नाही, कोणी काही म्हणो. कळू दे त्यांना, तू तिथलाच झालायस.
"हो मावशी."
फोन ठेवला तो आनंदातच. माधवला म्हटलं, बघ, भाषेने कुलूप उघडतं.
"अजून उघडलं नाहीये," माधव म्हणाला. जन्मभर ऑडिटर होता माझा नवरा.

९ जुलै
बजबजला जाऊन आले, सियालदाहून लोकलने. हा.दा.चं घर ज्यूट मिलच्या मागे. भाभी शेवयांची वाटी पुढे ठेवून आत गेली. तिथल्या पोलीस ठाण्यात चौकशी केली, रफिकच्या कागदांची पडताळणी 'वर पाठवलीय'. वर म्हणजे कुठे, विचारलं. ठाण्यातल्या शिपायाने पंख्याकडे पाहिलं.
हा.दा.ने नातीचा व्हिडिओ दाखवला. मुस्कान, तिसरीत, तिथल्या मराठी शाळेत. सातचा पाढा म्हणते. 'सात चोक अठ्ठावीस'ला अडते, पुन्हा पहिल्यापासून. हा.दा.ला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी तिच्याबरोबर ओठ हलवतो. म्हणाला, "रफिक इंग्रजी शाळेत घालणार होता. मीच सांगितलं, मराठीत घाल. शुमोतीदी काय म्हणायची, आठवतं ना?"
परतीच्या गाडीत बसायला जागा होती. उभी राहिले.

११ जुलै
हवालदाराचा आवाज पडलेला. "ताई, तुम्हाला खरं तर सांगायला नको."
बाकीचे चौघे सुटले. मोठ्या साहेबांनी बंगाली येणारा एक शिपाई आणला होता. बोलीवरून कळतं म्हणे, कोण अलीकडचा, कोण पलीकडचा. चौघे बोलले, गावं सांगितली, खात्री पटली. "तुमचा माणूस मात्र बोलेना. त्याने बंगालीत विचारलं, ह्याचं उत्तर मराठीत. दरडावलं, तरी मराठीत. साहेब म्हणाले, बोली लपवतोय. आणि बाहेरच्याला एवढं मराठी येतंच कसं? कोणीतरी तयार करून पाठवलाय."
मी तयार केलाय, म्हणाले.
"असं फोनवर बोलू नका ताई," तो हळूच म्हणाला.
रफिकला पुढे पाठवलं. कुठे ते त्याला माहीत नाही, किंवा...

१२ जुलै
हा.दा.ला सांगितलं. फोनवर नाही, जाऊन. मी काय सांगितलं होतं, त्याने काय केलं, त्याचं काय झालं, सगळं. अंगणात कोणीतरी नळाखाली भांडी घासत होतं, हा.दा. तिकडे बघत ऐकत होता.
मग म्हणाला, "आता परत फोन कराल ना?"
एवढंच. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं म्हणायचीही सोय ठेवली नाही. त्याला माझा पश्चात्ताप नको आहे, माझा आवाज हवा आहे.
नऊ फोन केले. 'साहेब राउंडला.' 'सोमवारी करा.' एकाने मी 'त्यांच्यातली' कशी काय, विचारलं. मराठीतच.

१४ जुलै
मला तीस वर्षांत इथे कोणी कागद विचारले नाहीत. बंगाली शिकले म्हणून, असं मी व्यासपीठावरून सांगत आले. लोकांनी मान डोलावली. शिकले नसते तरी कोणी विचारलं असतं? बँकेची अधिकारी, बँकेचा फ्लॅट, हे नाव, हे आडनाव. केळकरांना अजून भाजीवाल्याशी बोलता येत नाही, त्यांना कोणी गाडीत घातलं?
भाषा शिकणं चूक नाही. शंभर वेळा शिकावी. पण मी ती शिकवताना सोबत एक हमी वाटत होते, आणि ती हमी द्यायचा अधिकार मला कोणी दिला होता.

१५ जुलै
केळकर घरी आले. "वहिनी, सभेत तो विषय काढणार नाही ना?"
"कुठला?"
"तोच. हॉल इथल्या लोकांच्या मर्जीवर मिळतो, गणपती तोंडावर आलाय. आणि प्रमुख पाहुणे सरकारी अधिकारी, त्यांना अवघड होईल."
"केळकर, एक माणूस नाहीसा होतोय."
"म्हणूनच सांगतो. पाहुण्यांचा बॅचमेट तिकडे पोलिसात वरच्या जागी आहे. कार्यक्रम झाला की मी ओळख करून देतो, आइस्क्रीम खाताना शांतपणे सांगा. माइकवरून सांगितलंत तर ते उठून जातील. मग फोनही नाही अन् काही नाही."
"मग मी बोलू काय?"
"नेहमीचं. लोकांना आवडतं."
"मला ते आता पटत नाही."
"तुम्हाला पटायला कशाला हवं? पाठ आहे की."
ते गेल्यावर माधव बराच वेळ वर्तमानपत्रामागे होता. खांदे हलत होते. मग मलाही हसू आलं, आणि लगेच गेलं.

१७ जुलै
दुसरं भाषण लिहिलं. एका बैठकीत, आयुष्यातलं सर्वांत चांगलं. 'तो शिकला. तुम्ही म्हणालात तसा शिकला, पोरीला तुमच्या शाळेत घातलं. आता त्याच्या मराठीचाच तुम्ही पुरावा केलात. मग सांगा, तुम्हाला भाषा हवी होती की त्याचं जाणं?' ओट्याशी उभी राहून म्हणून दाखवलं.
निखिल म्हणाला, "आई, हेच कर. हे खरं आहे."
माधव म्हणाला, "आणि पोरगा?"
कुकरची शिट्टी झाली.
स्टेशनपर्यंत चालून आले. परत आले. पुन्हा गेले. चहावाला म्हणाला, मावशीमा, गाडी चुकली का?

२० जुलै
केलं भाषण. जुनं. पूर्ण.
एक वाक्य विसरले नाही. 'कोणाची छाती नाही'ला टाळ्या, नेहमीच्या जागी. शेजाऱ्याच्या दाराच्या वाक्याशी मात्र थांबले. पुढचं येत होतं पण तोंड उघडेना. लोकांना वाटलं, मुद्दाम घेतलेला विराम. निखिलने मान खाली घातली.
हा.दा. शेवटच्या रांगेत, इस्त्रीच्या शर्टात. पाहुण्यांना भेटवायचं म्हणून मीच बोलावला होता. त्याला काही कळत नव्हतं. इतर टाळ्या वाजवत तेव्हा तोही वाजवे, जरा उशिरा.
नंतर आइस्क्रीम. पाहुणे म्हणाले, "अप्रतिम. अगदी माझ्या मनातलं बोललात." मी हा.दा.ला पुढे केलं, सगळं सांगितलं, शांतपणे. माणूस वाईट नाही. नीट ऐकलं, नाव लिहून घेतलं.
"मुलाला मराठी येतं?"
"उत्तम येतं," केळकर पटकन म्हणाले.
"मग सोपंच झालं. मी मित्राला तेच सांगतो, की उत्तम मराठी बोलतो."
"नको," मी म्हणाले. इतक्या जोरात की टेबलाभोवतीची माणसं वळली. "तेवढं सांगू नका."
पाहुणे हसले. "अहो, आत्ता तर तुम्हीच..."
चाळीस वर्षं बोलण्यावर जगलेली बाई, हातात विरघळलेला कप. हा.दा. माझ्या तोंडाकडे बघत होता, काम झालं की नाही ते ओळखायला.

२१ जुलै
काही नाही.

२२ जुलै
काही नाही. ग्रुपवर माझ्या भाषणाचा व्हिडिओ. अंगठे. कोणीतरी लिहिलंय, 'हे तिकडच्या परप्रांतीयांना ऐकवा.'

२३ जुलै
दुपारी केळकर. पाहुण्यांनी शब्द टाकला. रफिक सापडला, दुसऱ्या जिल्ह्यात ठेवलाय. उद्या सकाळी व्हिडिओवर चौकशी. घरच्यांनी ओळख पटवायची. बंगाली जाणणारा एक अधिकारी ऐकत असणार. रफिक बंगालीत बोलला तर बजबजची पडताळणी येईपर्यंत त्याला हलवणार नाहीत. नाही बोलला तर सीमेकडे, केळकर म्हणाले.
तिथून कळलं की तो अजूनही सगळ्यांना मराठीतच उत्तरं देतो. जेवण वाढणाऱ्यालाही. कोणी काही म्हणो, असं मी म्हणाले होते.
हा.दा. मुक्कामाला आलाय, त्याच्याकडे नेट धड येत नाही. म्हणाला, "आधी तुम्ही बोला. मी बांगलात बोल म्हटलं तर त्याला वाटेल, अब्बाला कोणीतरी धमकावलंय. तुम्ही बांधलंत त्याला, तुम्हीच सोडवा." बैठकीत माधवशेजारी बसलाय, पाढ्याचा व्हिडिओ लावून. माधव त्याला सात चोक म्हणजे किती ते बोटांवर समजावतोय.
पहिलं वाक्य माझं. बंगालीत बोलले तर रफिकला वाटेल मावशीकडूनच परीक्षा घेतायत, तो तोंड घट्ट मिटेल. मराठीत बोलले तर अधिकाऱ्याला वाटेल मी खूण करतेय. निखिल म्हणाला, "आई, छोटं ठेव."
छोटंच आहे. मागच्या पानावर चार वेळा लिहिलं, चार वेळा खोडलं.
'रफिक, आता घाबरू नकोस, तुझ्या भाषेत बोल.'
हे मराठीत म्हटलं, तर तो मराठीतच बोलेल.