पुढचा अर्धा मुलीला, मागचा अर्धा मुलाला

मी, शेवटी सही करणार असलेली बाई, या घराची, घरामागच्या चढाच्या शेताची आणि अंगणातल्या जुन्या ट्रॅक्टरची एकटी मालकीण, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवत आहे. माझं डोकं ठिकाणावर आहे. तसं डॉक्टरीणबाईंनी तपासून सांगितलं असून त्या साक्षीदार म्हणून माझ्याच पलंगावर बसून माझीच बिस्किटं खात आहेत. दुसरे साक्षीदार कोपऱ्यावरचे शिंपीमामा. हे लिहिताना माझ्यावर कोणाचं दडपण नाही. माझ्यावर दडपण आणणारा माणूस अजून जन्माला यायचा आहे, हे माझे दिवंगत यजमानही मान्य करत.

कलम १. घर. वरचा मजला मुलाला, खालचा मुलीला. जिना सामाईक. जिन्यात दोघं समोरासमोर आली तर एकमेकांना वाट द्यावी, आणि वाट देताना तोंडातून एखादा शब्द काढावा. "सरक" चालेल.

हे लिहावं लागतं, कारण गेल्या पेरणीपासून माझी दोन्ही मुलं एकमेकांशी बोलत नाहीत. मुलगा म्हणाला, हा म्हातारा ट्रॅक्टर भंगारात देऊ आणि नवा आणू. मुलगी म्हणाली, आधी मला भंगारात दे. शब्दाने शब्द वाढला आणि मग एकदम संपलाच. तेव्हापासून सगळं बोलणं माझ्यामार्फत चालतं. "आई, तुझ्या मुलाला सांग, गेट लाव." "आई, तुझ्या मुलीला सांग, लावलंय." ते दोघं गेटपाशी, मी वरच्या खोलीत. माझा घसा याने बसला आहे. डॉक्टरीणबाई सर्दी म्हणतात, म्हणोत.

कलम २. ट्रॅक्टर, ऊर्फ म्हातारा. ज्याच्या गळ्यात हा पडेल त्याला दुखणं माहीत असावं म्हणून सांगते. रिकामा असला की म्हातारा दिवसभर हुंदडतो. नांगर मातीत उतरला की अर्ध्या शेतापर्यंत ओढतो, मग धाप लागल्यासारखा आवाज काढतो आणि मान टाकतो. चहा होईपर्यंत तसाच ठेवला की काही झालंच नाही अशा थाटात चालू होतो, आणि नांगर लावला की पुन्हा तेच. माझे यजमानही कामाचं नाव काढलं की असंच करत, पण तो विषय वेगळा.

मुलगा म्हणतो, म्हातारा दमला. मुलगी म्हणते, तुझ्या मुलाला चालवता येत नाही. दोघंही हे मला सांगतात.

कलम ३. या दुखण्यावर ज्यांनी उपाय सुचवले, त्यांना त्याचं फळ मिळावं. माझे धाकटे दीर, म्हणजे भावजी, यांनी बॉनेटवर हात ठेवून, डोळे मिटून, "पंप गेलाय" असं जाहीर केलं. नवा पंप बसवला. म्हातारा त्याच जागी बंद पडला. जुना पंप धडधाकट असून तो भावजींना देत आहे, उशाशी ठेवायला. तसंच माझा मोठा पाना त्यांनी एका दिवसासाठी म्हणून नेला, तेव्हा त्यांच्या डोक्यावर केस होते. तो पानाही मी त्यांनाच देते. निदान माझ्यामागे तरी त्यांनी तो राजरोस वापरावा.

शेजारच्या मास्तरांनी सल्ला दिला की नांगर जमिनीला टेकवूच नका, मग ट्रॅक्टर बंद पडणार नाही. सल्ला बिनचूक होता. मास्तरांना माझी आरामखुर्ची.

कलम ४. आता मुख्य वाटणी. क्लचपाशी बोल्ट काढले की ट्रॅक्टरचे सरळ दोन भाग होतात, हे मी मेकॅनिककडे डोळ्यांनी पाहिलं आहे. सबब पुढचा अर्धा, म्हणजे इंजिन, मुलीला, कारण तिचं डोकं तापतं. मागचा अर्धा, म्हणजे सीट, मोठी चाकं आणि नांगर, मुलाला, कारण तो एकदा बसला की उठत नाही. तिच्या वाट्याला जोर येईल पण बसायला जागा नाही. त्याच्या वाट्याला जागा येईल पण जोर नाही. ज्याला शेत नांगरायचं असेल त्याने दुसऱ्याकडे जाऊन त्याचा अर्धा मागावा. तोंडाने मागावा, चिठ्ठी चालणार नाही. वर बघून मला हाक मारायची सोय तेव्हा उरणार नाही.

मी गेल्यावर या दोघांचे निरोप कोण पोचवणार, एवढीच मला काळजी आहे. मरायला माझी तशी हरकत नाही.

कलम ५. डिझेलची टाकी. ही नेमकी शिवेवर येते, त्यामुळे ती कोणाच्या अर्ध्यात धरायची हा प्रश्न आहे. दोघांना टाकी रिकामी करून उतरवायला सांगितलं असून शिंपीमामांना टेप देऊन खाली पाठवलं आहे. माप आलं की इथे लिहीन.

माप आलं नाही. खाली आरडाओरडा झाला म्हणून मी खिडकीशी गेले. मुलीने टाकीत तारेचा आकडा घालून काहीतरी बाहेर ओढलं होतं, काळं आणि लोंबतं.

"हे तुझं फडकं!" मुलगा ओरडला. मला नाही, तिला.

"माझं? माझं पडद्याचं होतं! हा शर्ट कोणाचा, बघ!"

शिंपीमामांनी ते दोन बोटांत धरलं. "शर्ट याचाच. कॉलर मीच उलटवून दिली होती. आणि त्याला गुंडाळलाय तो हिचा पडदा."

याचा खुलासा करते. टाकीच्या तोंडाची जाळी कधीच गेली, म्हणून आमच्याकडे डिझेल फडक्यातून गाळून ओततात. पूर्वी एक जण फडकं धरायचा, दुसरा ओतायचा. अबोला धरल्यापासून जो तो एकटाच ओततो. कॅन उचलायलाच दोन्ही हात लागतात, मग फडकं धरणार कोण? ते टाकीच्या तोंडात खोचायचं आणि ओतायचं. डिझेलबरोबर फडकं आत. आपलं फडकं दुसऱ्याने पळवलं असं दोघांनाही वाटलं, आणि विचारायचं तर बोलावं लागलं असतं! नांगर लागला, इंजिनाने जोरात डिझेल ओढलं, की फडकी नळीच्या तोंडावर जाऊन बसत. म्हातारा बंद पडला की सुटून तरंगत. बिचारा म्हातारा. त्याला आम्ही काय काय बोललो.

"तुला साधं फडकं सांभाळता येत नाही!"

"आणि तुला येतं? पंपासाठी घरभर नाचलास!"

"पंप काकांनी सांगितला!"

"काकांनी विहिरीत उडी मार म्हटलं असतं तर?" मग खाली पडलेले बोल्ट गोळा करत ती म्हणाली, "दादा, टाकी धर. मी बोल्ट लावते."

"दादा" हा शब्द पेरणीपासून या अंगणात कोणी काढला नव्हता. मी खिडकीची कड धरून रडले. डॉक्टरीणबाईंनी लगेच माझी नाडी धरली. मी त्यांना म्हटलं, "नाडी सोडा, जिना उतरायला हात द्या."

एवढं लिहीपर्यंत टाकी बसवून, डिझेल भरून त्यांनी नांगर लावला आहे आणि पहिली फेरी कोण मारणार यावरून जुंपली आहे. हे भांडण मी मिटवणार नाही. जवळ जाऊन ऐकणार आहे.

मृत्युपत्र करणारीची सही:

साक्षीदार पहिली: डॉक्टरीण. सही करत नाही, कारण बाईंनी केलेली नाही. बाई माझ्या हाताची वाट न बघता, चप्पल न घालताच खाली गेल्या. नाडी उत्तम.

साक्षीदार दुसरे: शिंपी. शेतात आहेत, ट्रॅक्टरच्या मागे टेप घेऊन धावत आहेत. कशासाठी ते कळलं नाही.

ठिकाण: वरची खोली.

तारीख: खिडकीतून ओरडून विचारली. ट्रॅक्टरच्या आवाजात बाईंना ऐकू गेलं नाही, तेव्हा मुलाने मुलीला सांगितलं, मुलीने बाईंना सांगितलं, आणि उत्तर तसंच उलट वर आलं: मोकळी ठेवा.