बाईसाहेब पेटीत जात नाहीत

४ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कागद बघून घाबरू नकोस. मोबाईलचा टॉवर जळालाय, म्हणून केळी घेऊन येणाऱ्या टेम्पोवाल्याच्या हाती हे पत्र धाडतोय. तो तुमच्याच गल्लीत राहतो, हे आपलं नशीब. बायको आणि पोरगी तुझ्याकडे सुखरूप पोचल्याचंही त्यानंच सांगितलं. आत्याच्या घरी गेलं की पोरगी आईबापांना विसरते, तेव्हा तिची काळजी नाही; तुझ्या बिस्किटांच्या डब्याची आहे.

वणवा अजून दोन डोंगर पलीकडे आहे. अग्निशमनवाले म्हणतात, तो दगडखाणीच्या अलीकडे आला की आम्हाला गाशा गुंडाळायला दोन तास मिळतील. दोन तास म्हणजे चैनच. आमच्या निवारा केंद्रातल्या पंधरा चिंपांझींपैकी चौदा जण शिट्टी वाजली की आपापल्या प्रवासाच्या पेटीत जाऊन बसतात. सहा वर्षं रोज सकाळी सराव घेतलाय मी. काल घड्याळ लावून पाहिलं, अकरा मिनिटं लागली. शाळेत तुमच्या वर्गाला सहलीच्या बसमध्ये चढायला याहून जास्त वेळ लागायचा.

घोडं अडलंय ते बाईसाहेबांपाशी. सगळ्यांत थोरल्या, एकेचाळीस वर्षांच्या, हृदय नाजूक. पूर्वी शिट्टीच्या आधीच पेटीत जाऊन बसायच्या. पेटीत फक्त चांगलंच घडायचं, हा आमचा नियम. फळ्यावर तो माझ्याच अक्षरात आहे, आणि दोन महिन्यांपूर्वी तो मीच मोडला. त्यांना ताप होता, डॉक्टरीणबाई घाईत होत्या आणि बाईसाहेब पेटीत आयत्या बसलेल्या. मी म्हटलं, इथंच टोचून टाका. मागून दार सरकवलं आणि कडी घातली. त्या दिवसापासून त्यांनी पेटीत पाऊल टाकलेलं नाही.

भूल देऊन न्यायचं, तर हृदय ते सोसेल याची खात्री नाही असं डॉक्टरीणबाई म्हणतात. इथं ठेवायचं, तर सिमेंटच्या खोलीत आग शिरणार नाही, पण धूर शिरेल. म्हणजे बाईसाहेब आपल्या पायांनी पेटीत गेल्या तर वाचतील, नाहीतर माझ्या आळसापायी जातील. डॉक्टरीणबाईंना वाटतं, त्या म्हातारपणामुळे हट्टी झाल्यात. खरं कारण मी इथं कुणाला बोललो नाही, तुला सांगतोय.

बाकी जेवणखाण व्यवस्थित. लोभ आहेच, तो या धुरातही विरू देऊ नकोस.

तुझा,
धाकटा


५ मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

दोन डोंगर पलीकडे, असं तू लिहितोस जसा काही तिथं बाजार भरलाय! तुझ्या बायकोनं पत्र वाचलं आणि माझी घासलेली भांडी पुन्हा घासून ठेवली. त्यावरून काय ते समज. पोरगी मजेत आहे. बिस्किटांबद्दल तुझा अंदाज बरोबर निघाला.

आता तुझ्या चुकीचं. चूक झाली, मोठी झाली, आता रडगाणं पुरे. बावीस वर्षं मुलांच्या वॉर्डात काढलीत मी, असले पराक्रम आम्हीही केलेत. मागच्या वर्षी एका नव्या नर्सनं खेळायच्या कोपऱ्यातच, पडदा ओढून, पाच वर्षांच्या पोराला सुई टोचली. पोरगं परत तिकडे फिरकेना. खेळणी दाखवली, चॉकलेटं दाखवली. जितकी लालूच दाखवावी तितकं ते लांब पळे, कारण काहीतरी शिजतंय हे त्याला कळायचं. शेवटी मी पडद्याची दोरी त्याच्या हातात दिली. सांगितलं, तूच लाव आणि तूच उघड, आणि तू लावलास की कुणी आत येणार नाही. मोठ्या डॉक्टरांनाही तसा दम भरला. दोन दिवस त्यानं आम्हाला नुसतं नाचवलं. तिसऱ्या दिवशी आत जाऊन, पडदा लावून, निवांत खेळत बसला.

तर पेटीचं दार तुझ्या बाईसाहेबांच्या ताब्यात दे. ती उघडेल तेव्हा उघडू दे, मग तुला कितीही घाई असो. प्रवासाला कडी लावावीच लागेल, ती मात्र तिच्या डोळ्यांदेखत लाव. ती रागावली तर रागावू दे, पण तिला परत फसवू नकोस. आणि झालेली चूक तिथल्या लोकांना सांगून टाक. एकट्यानं पोटात ठेवलीस तर ती तुझ्या वागण्यात उतरेल, आणि जनावराला ते माणसाआधी कळतं.

नाक-तोंड ओल्या फडक्यानं बांध. माया आहे म्हणून रागावते, हे विसरू नकोस.

तुझी,
ताई


९ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू वॉर्डात फुकट चालली आहेस, इथं ये. पेटी बाईसाहेबांच्या खोलीला जोडली आणि सरकत्या दाराला आतून लाकडी मूठ ठोकली. मग मधल्या जाळीपलीकडे जेवणाचा डबा घेऊन बसलो आणि त्यांच्याकडे अजिबात बघितलं नाही. हेच सगळ्यांत अवघड होतं. पहिल्या दिवशी त्यांनी बाहेरूनच हात घालून मूठ ओढली आणि दार इतक्या वेळा आपटलं की शेजारच्या खोलीतले तिघे कान झाकून बसले. दुसऱ्या दिवशी एक पाय आत. काल आत गेल्या, दार लावून घेतलं, तीन मिनिटांनी उघडून बाहेर आल्या आणि माझ्याकडे अशा बघत राहिल्या की जणू मीच परीक्षेला बसलोय.

चूकही सांगितली, सगळ्यांसमोर. केंद्राच्या साहेबांनी ती नोंदवहीत लिहायला लावली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की घाई त्यांची होती, तेव्हा अर्धी त्यांच्या नावावर लिही. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

कडी मात्र अजून लावून पाहिलेली नाही. उद्या बघू म्हणत होतो, पण आत्ताच वारं फिरलंय आणि खाणीवर धूर दिसतोय. टेम्पोवाला हॉर्न वाजवतोय. काळजी करू नकोस, आमची तयारी पक्की आहे. पोरीचा पापा घे.

तुझा,
धाकटा


१० मार्च

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

रस्ता बंद केलाय. टेम्पोवाला म्हणतो, सुटला की पहिली फेरी त्याचीच, म्हणून हे लिहून त्याच्याकडे ठेवतेय. मागच्या पत्रात मी तुला शहाणपण शिकवलं, आज माझंच चित्त ठिकाणावर नाही. स्पष्ट सांगते, मला आधी तू हवा आहेस, मग तुझी बाईसाहेब. हे लिहायची मला लाज वाटत नाही.

ताई


१२ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

आम्ही सगळे सुखरूप. माणसं नऊ, चिंपांझी पंधरा. सध्या मुक्काम एका बंद पडलेल्या दूधडेअरीत आहे, फोन इथंही लागत नाही. तिकडे कुंपण आणि कोठार जळालं, खोल्या उभ्या आहेत. महिन्याभरात परत जातो की नाही बघ.

परवा चौदा जण नऊ मिनिटांत पेटीत गेले. बाईसाहेब मात्र सायरननं बिथरल्या आणि थेट वरच्या फळीवर जाऊन बसल्या. डॉक्टरीणबाईंनी भुलीची सुई भरून ठेवली. मी दहा मिनिटं मागितली, साहेबांनी सात दिली. मी नेहमीच्या जागी, बाईसाहेबांकडे पाठ करून बसलो. डबा आणायला वेळ नव्हता, म्हणून नुसताच बसलो. ताई, आयुष्यात इतका घाबरलो नव्हतो. सहाव्या मिनिटाला मागं मूठ सरकल्याचा आवाज झाला. बाईसाहेब आत होत्या आणि दार त्यांनीच लावून घेतलं होतं.

मग कडी. मी समोर गेलो, ती त्यांना दाखवली आणि त्यांच्या डोळ्यांत बघत लावली. त्यांनी मूठ ओढून पाहिली. दार सरकेना, तेव्हा जी किंकाळी फोडली ती अजून कानात आहे. चार तासांच्या प्रवासात त्या दार बडवत होत्या आणि मी पेटीशेजारी बसून ऐकत होतो. जीव वाचला पण मी त्यांना कायमचा मुकलो, अशी खात्रीच झाली होती माझी.

इथं पोचल्यावर कडी तशीच त्यांच्यासमोर काढली. त्या अर्धा तास बाहेर आल्याच नाहीत. मग मूठ ओढून बाहेर आल्या, सगळी खोली तपासली, नळाचं पाणी प्यायल्या आणि माझ्यासमोर जाळीपाशी येऊन ते तोंडभर पाणी माझ्या थोबाडावर सोडलं. सगळे फिदीफिदी हसले. मीही हसलो, हसता हसता रडलो. त्या शांतपणे वळल्या आणि पाठ जाळीला टेकवून बसल्या, खाजवायला. सुई टोचल्यापासून त्यांनी मला पाठ दिली नव्हती.

पाऊण तास खाजवत होतो. हात थांबला की मागं वळून बघायच्या. डॉक्टरीणबाईंनी तेवढ्यात जाळीतून नळी लावून हृदय ऐकलं, ठीक आहे म्हणाल्या. दंड भरून आलाय, त्यामुळे अक्षर गचाळ आलंय, समजून घे.

तुझा, अजूनही ओला,
धाकटा