खिडकीवर काढलेली खिडकी

तीर्थरूप दादास,

धाकट्या बहिणीचा वाकून नमस्कार. तुझी कंबर आता कशी आहे? (तू वाकू नकोस, नमस्कार मी करतेय.) इकडे आम्ही खुशाल आहोत, आणि जे खुशाल नाही ते तुझ्या कृपेने.

रागावू नकोस. ‘वर्गातलं वातावरण आणि बालमन’ या तुझ्या व्याख्यानाला आमच्या मोठ्या बाई आल्या होत्या. (मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. उंचीने माझ्या खांद्याला लागतात; मोठेपण सगळं आवाजात आहे.) भिंती बोलक्या हव्यात, असं तू म्हणालास म्हणे. तू बोलून मोकळा झालास, पण आमच्या बालवर्गाच्या भिंतींनी जे तोंड उघडलं ते अजून मिटलेलं नाही. अक्षरं, आकडे, फळं, वाहनं, शिवाय दात घासण्याचे फायदे सांगणारी एक मगर. छताला दोऱ्यांनी ग्रह टांगले. पंखा लावला की ग्रह एकमेकांत गुंततात, म्हणून पंखा बंद. मी फळ्यावर ‘क’ काढायचे आणि वर्ग मगरीकडे बघत बसायचा. मगर माझ्यापेक्षा रंगीत आहे, त्यामुळे माझी तक्रार नाही.

एवढ्यावर भागलं असतं, पण एक खिडकी मोकळी राहिली. तिच्यातून समोरचं सायकल दुरुस्तीचं दुकान दिसतं. मुलांचं लक्ष उडतं, असं मोठ्या बाईंचं मत पडलं. (मगरीमुळे उडत नाही, मगर शैक्षणिक आहे.) मग खिडकीवर जाड पुठ्ठा ठोकला आणि पेंटरकडून त्यावर चित्र काढून घेतलं. कशाचं, तर उघड्या खिडकीचं. बाहेर हिरवळ, डोंगर आणि उगवता सूर्य. खरा उजेड अडवून सूर्य रंगवायला वेगळीच अक्कल लागते, ती आमच्याकडे व्याख्यान ऐकून आली. आता भर दिवसा दिवा लागतो, दिवा माशीसारखा गुणगुणतो, हवा कोंदते, आणि मधल्या सुट्टीनंतर अर्धा वर्ग पेंगतो. मोठ्या बाई म्हणतात, मुलं शांत झाली. झालीच की. झोपलेलं माणूस शांतच असतं.

या वर्गात आमची चिमणी आहे. (नाव वेगळं आहे, पण सगळे हेच म्हणतात.) घरी तोंड मिटत नाही, असं तिची आई शपथेवर सांगते, वर्गात मात्र आल्यापासून एक अक्षर नाही. ती खिडकीशी बसून सायकलवाल्याकडे बघायची आणि मी तिला बघू द्यायचे. पुठ्ठा ठोकला त्या दिवशी ती आवाज न करता रडली. हे मला विनोदी करून लिहिता येत नाही, म्हणून पुढे जाते.

एके सकाळी रंगवलेल्या सूर्याला भोक पडलेलं दिसलं. पेन्सिलीचं काम होतं. चिमणी भोकाला डोळा लावून उभी. मी रागवायला गेले, तर ती मागे न वळता म्हणाली, “ट्यूब पाण्यात बुडवली. बुडबुडे आले. तिथंच पंक्चर आहे.”

दादा, मी तिथल्या वीतभर खुर्चीत बसले आणि अडकले. तोवर मुलं गोळा झाली. कुणीतरी विचारलं, “आता काय करतोय?” आणि चिमणी सांगत सुटली. ती म्हणेल ते मी फळ्यावर लिहीत गेले (खुर्ची माझ्याबरोबरच फिरत होती): चाक, पाना, साखळी. मुलं वाचत होती. पेंगत कुणी नव्हतं.

नेमक्या याच मुहूर्तावर मोठ्या बाई संस्थेच्या अध्यक्षांना बोलक्या भिंती दाखवायला घेऊन आल्या. सगळा वर्ग भिंतींकडे पाठ करून भोकापाशी. मोठ्या बाईंचा रंग पुठ्ठ्यावरच्या हिरवळीसारखा झाला. अध्यक्ष पोट सावरत पुढे आले, तर चिमणी म्हणाली, “रांगेत या.” ते आले. त्यांची पाळी आल्यावर वाकून बराच वेळ बघत राहिले, मग म्हणाले, “हवा छान येते हो इथून.”

“योजनाच आहे ती, साहेब,” मोठ्या बाई म्हणाल्या.

मला वाटलं, सुटलो, आता पुठ्ठा निघेल. छे. भोक गोल कापून मोठं केलं, त्याला चौकट बसवली आणि वर पाटी लावली: ‘निरीक्षण कोपरा’. चिमणीला तिथे आठवड्यातून एकदा नंबर मिळतो. ती पुन्हा गप्प आहे.

तुझी,
धाकटी

ता. क. : निरीक्षण कोपऱ्याच्या रीतसर उद्घाटनाला मोठ्या बाई तुलाच बोलावणार आहेत. ये. कंबरेचं कारण सांगू नकोस. फीत कापून झाली की माईकवरून म्हण, ‘आता पुठ्ठा काढा.’ हेच मी रोज सांगते, पण मी इथली आहे. तू बाहेरगावचा आहेस आणि तुला शाल देणार आहेत, तुझं ऐकतील.

ता. क. २ : वहिनीला फोनवर विचारलं, भाची अभ्यासाला कुठे बसते. तू बांधून घेतलेल्या त्या शास्त्रशुद्ध अभ्यासिकेत म्हणे ती पाऊल टाकत नाही. स्वयंपाकघराच्या ओट्याखाली, कांद्याच्या टोपलीशेजारी बसते आणि पहिली येते. हे तुला कळवायचं नाही, असं वहिनीने बजावलंय.