फुलाला कुठली पाठ!

शनिवार, ६ आबान

आज टॅक्सीत रक्त! परस्तूच्या ओठावरून हनुवटीवर, तिथून सीटवर. नेहमीसारखी पुढे ड्रायव्हर यदुल्लाआगांच्या शेजारी बसली आणि त्या फुटक्या तोंडानं मागे वळून म्हणाली— "पाठ करून बसतेय, माफ करा हं."

आणि आम्ही मागचे तीन ठोंबे— मी, बेकरीतली गौहर, समदीमास्तर— एका सुरात: "फुलाला कुठली पाठ!"

पुढच्यानं माफी मागायची, मागच्यांनी फूल म्हणायचं. रोज सकाळी सातला हेच. आज म्हटलं आणि नेमका तिचा डोक्यावरचा रुमाल घसरला. मानेवर पाच बोटं, काळीनिळी. माझी मलाच लाज वाटली. पोरीला कुणीतरी मागून चुरगाळलंय आणि आम्ही बसलोय गोड गोड बोलत!

मास्तरांनी स्वतःचा इस्त्रीचा हातरुमाल पुढे केला. "घे पोरी." तर ही म्हणते, "नको, तुमचा खराब होईल!" आमच्या तेहरानात माणूस मरतानाही आढेवेढे घेईल.

रविवार, ७ आबान

नवरा. नाव बहराम. रबरी नळीनं मारतो. दीड महिन्यापूर्वी ती पळून मावशीकडे आली, तेव्हापासून आमच्या टॅक्सीत. शुक्रवारी उरलेले कपडे आणायला गेली आणि त्यानं धरली. राहते कुठे, काम कुठे करते, त्याला ठाऊक नाही. मार खाल्ला, पण सांगितलं नाही.

"दुकान कळलं तर तो मला ठार मारेल, तूबाखानम." रडत नव्हती. भाजीचा भाव सांगावा तसं सांगत होती.

यदुल्लाआगांनी वचन म्हणून डोळ्यांवर हात ठेवला. "या गाडीतलं या गाडीतच राहील." आम्ही सगळ्यांनी ठेवला. मीही!

मंगळवार, ९ आबान

परस्तू आता मागे, माझ्या नि गौहरच्या मध्ये. मास्तर पुढे. गौहरनं गरम पाव मोडून दिला. पोरगी आज हसली— पुढचा दात तुटलाय.

बुधवार, १० आबान

परस्तू दाताच्या डॉक्टरकडे. मास्तर मागे आले. पुढे एक नवा तरुण— कडक इस्त्रीचा शर्ट, गुलाबपाण्याचा वास. बसताक्षणी वळला: "पाठ करून बसतोय खानम, क्षमा असावी." किती दिवसांनी तरुण तोंडून ऐकलं! मी खूश. "फुलाला कुठली पाठ, बाळा!" वाळलेली तुती पुढे केली. माझी पिशवी आमच्या शिवणाच्या कारखान्याच्या दारापर्यंत उचलून आणली— आत बेतायची कात्री, चांगली जड असते.

दाराशी म्हणाला, "माझी बहीणही याच टॅक्सीनं येते. तुमचं फार कौतुक करते."

इतकं गोड बोलल्यावर गप्प कसं राहायचं? "परस्तू होय! सोन्यासारखी पोर. पुलाजवळच्या चष्म्याच्या दुकानात ना?"

"तीच, खानम. देव तुम्हाला उदंड आयुष्य देवो."

असे भाऊ हवेत. दिवसभर छान वाटलं.

शनिवार, १३ आबान

जळो माझी जीभ! जळो!

पुलाशी टॅक्सी थांबली. दार उघडायला तोच, तोच शर्ट. "सलाम, खानम," मला म्हणाला. परस्तूनं माझा दंड आवळला. "बहराम," एवढंच बोलली. मग त्यानं गौहरला ओढून रस्त्यावर फेकलं आणि परस्तूची वेणी धरली.

यदुल्लाआगा उतरले— त्याच्या हातातला पाना तोंडावर बसला, दात रस्त्यात. मास्तर सत्तरीचे, त्याच्या पायाला मिठी मारून. लाथा खात होते, सोडत नव्हते. लोक ओरडत होते, जवळ कुणी येईना. त्यानं परस्तूला पालथी पाडली, गुडघा कमरेवर, गळ्याभोवती नळी. तिच्या टाचा डांबर घासत होत्या. मग घासायच्या थांबल्या.

त्याची पाठ माझ्याकडे होती.

कात्री जाड लोकरीत जाते तशी गेली. आधी अडली, मग नाही. मी ती दुसऱ्यांदाही मारली. इथे खोटं कशाला लिहू? दुसरी रागानं मारली— माझ्या जिभेच्या रागानं.

परस्तू खोकली. जिवंत आहे!

सोमवार, १५ आबान

तो दवाखान्यात, शुद्ध नाही. आमची टॅक्सी त्यानं कशी हेरली, कळायला मार्ग नाही. आम्हा सगळ्यांना ठाण्यावर बोलावलं.

"कात्री कुणाची?" अधिकाऱ्यानं विचारलं.

"माझी," मास्तर. बरगड्यांना पट्टा, तरी ताठ.

"काहीतरीच! माझी आहे," गौहर.

यदुल्लाआगा सुजल्या तोंडानं: "गाडी माझी, तर कात्रीही माझीच."

"छे छे, मी आधी बोललो."

"नाही हो, तुम्ही कशाला त्रास घेता!"

अधिकाऱ्यानं टेबलावर मूठ आपटली. "हा काय जेवणाचा आग्रह चाललाय?"

मीही म्हटलं, माझी. खरं तेच होतं, पण त्या गलक्यात तोही आग्रहच वाटला. त्यानं हात झटकून आम्हाला बाहेर काढलं. परस्तू मात्र आत राहिली, तिचा जबाब व्हायचा होता. बाहेर येऊन आम्ही हसलो. पोट धरून हसलो! पत्ता मी दिला होता, हे मात्र त्यांना अजून सांगितलेलं नाही. धीर झाला नाही.

बुधवार, १७ आबान

बहराम पहाटे गेला. परस्तूनं सही करून दिलीय— कात्री तिची, वारही तिचेच. त्याची आई माफी द्यायला तयार नाही, फाशीच मागतेय.

सकाळचे सात. टॅक्सीतच लिहितेय. आज पुढे मी बसले. मागच्यांना सगळं सांगितलं— तुती, पिशवी, चष्म्याचं दुकान. यदुल्लाआगांना म्हटलं, पुलाला थांबू नका, ठाण्यावर घ्या. मग मागे वळून म्हटलं, "पाठ करून बसतेय, माफ करा."

कुणीच काही बोललं नाही.